पाच गुंठ्यांतला बिबट्या

नाशकात प्राणिसंग्रहालय नाही. सुटीत मुलांना वाघ दाखवायचा तर इथला माणूस मुंबईच्या राणीच्या बागेत जातो, नाही तर पुण्याच्या कात्रजला. तरीही वन्यप्राण्याला कोंडून ठेवावे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात ज्या मोजक्या जिल्ह्यांत रोजच्या व्यवहाराचा झाला आहे, त्यांत नाशिक बरेच वर येते. निफाड, सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी या तालुक्यांत उसाच्या बांधावर पिंजरा लागतो आणि त्यात बिबट्या अडकतो. पुढे तो नाशकातल्या म्हसरूळच्या उपचार केंद्रासारख्या ठिकाणी येतो. तिथून एक तर कुठल्या तरी जंगलात सुटतो, नाही तर बोरिवली, माणिकडोह किंवा गोरेवाड्याच्या बचाव केंद्राच्या वाटेला लागतो. ही दुसरी वाट बहुधा एकेरी असते.

प्राणिसंग्रहालयांच्या नीती-अनीतीवरचे बरेचसे लेखन तिकीटखिडकी ओलांडल्यावर सुरू होते. पिंजरा केवढा आहे, पाणी बदलतात का, सावली आहे का, लोक खडे मारतात का. हे प्रश्न रास्त आहेत, पण उशिराचे आहेत. प्राण्याच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल त्याआधीच लागलेला असतो. नाशिक जिल्ह्यात तो कुठे आणि कशामुळे लागतो हे उघड्या डोळ्यांनी दिसते, म्हणून संग्रहालय नसलेले गाव मी या विवेचनासाठी मुद्दाम घेतले आहे. माझे म्हणणे असे: वन्यप्राण्याचा बंदिवास हा अपवाद आहे, आणि तो का करावा लागला हे सिद्ध करण्याचे ओझे पकडणाऱ्यावर आहे. कायदा हे आधीच सांगून बसला आहे. आपला व्यवहार मात्र ओझे उलट्या बाजूला टाकतो. बिबट्याला सोडायचे म्हटले की दहा जण कारण विचारतात. ठेवायचे म्हटले की कोणी काही विचारत नाही.

कायदा काय गृहीत धरतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत बिबट्या आहे. या कायद्यात 'शिकार' म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे आणि सापळा लावणे हेही शिकारच. म्हणून पिंजरा लावायलाही मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी, सकारण आदेश लागतो, आणि महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. कलम ११ प्रमाणे असा आदेश दोनच परिस्थितींत देता येतो: प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा होण्यापलीकडे जखमी वा आजारी असेल. गावात दिसला, कुत्रे उचलले, सीसीटीव्हीत आला, ही कारणे त्यात बसत नाहीत.

याच कलमाला जोडलेले परंतुक मला सगळ्यात मोलाचे वाटते. त्यात दोन अटी आहेत. प्राणी पकडता, बेशुद्ध करता किंवा दुसरीकडे हलवता येत नाही अशी खात्री पटल्याशिवाय त्याला मारण्याचा हुकूम काढता येत नाही. आणि पकडलेल्या प्राण्याचे निसर्गात पुनर्वसन होऊ शकत नाही अशी खात्री पटल्याशिवाय, शिवाय तशी कारणे लेखी नोंदवल्याशिवाय, त्याला बंदिवासात ठेवता येत नाही. पहिली अट सर्वांना ठाऊक असते, कारण 'गोळी घाला' या मागणीला उत्तर म्हणून अधिकारी ती सांगतात. दुसरीचा उच्चार क्वचित होतो. वास्तविक कायद्याने मारणे आणि डांबणे या दोन्ही गोष्टींसमोर एकाच जातीचा अडसर ठेवला आहे: आधी कारण सांगा.

दुसरा मुद्दा व्याख्येचा. कायद्यातल्या 'प्राणिसंग्रहालया'त बचाव केंद्रेही येतात. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले. त्याची मान्यता राणीच्या बागेला लागते तशी बचाव केंद्रालाही लागते. प्रेक्षक येवोत न येवोत, भिंतीच्या आत वन्यप्राणी कोंडलेला असेल तर कायदा त्या जागेकडे एकाच नजरेने पाहतो. आपण मात्र 'बचाव' या नावावर समाधान मानतो. 'प्राणिसंग्रहालयात टाकला' म्हटले की हळहळणारा माणूस 'बचाव केंद्रात हलवला' म्हटले की सुटकेचा श्वास सोडतो. जखमी प्राणी बरा करून सोडणारे केंद्र आणि धडधाकट प्राणी मरेपर्यंत सांभाळणारे केंद्र यांची पाटी एकच असते, काम मात्र वेगळे. नीतीच्या दृष्टीने एखादी जागा कशी आहे हे ठरवताना मी आधी विचारीन: इथून बाहेर पडण्याची वाट आहे का?

चार समर्थने आणि गिधाडाची साक्ष

प्राणी पाळण्याची हौस जुनी आहे आणि नाशिकला तर ती विशेष लागू पडते. वाल्मीकींच्या अरण्यकांडात पंचवटीतली सीता सोन्याचे हरीण पाहून रामाला सांगते की जमले तर जिवंतच आणा. आश्रमात विरंगुळा होईल आणि अयोध्येला गेल्यावर अंतःपुराची शोभा होईल. नाहीच जिवंत सापडले तर निदान कातडे तरी. मन रमवणे, राजवाड्याचे वैभव आणि कातडे, तिन्ही हेतू एकाच संभाषणात आले आहेत. आधुनिक संग्रहालयांनी यातले कातडे वगळले, वैभवाला महापालिकेची प्रतिष्ठा म्हटले आणि रंजनाच्या जोडीला शिक्षण, संशोधन व संवर्धन ही तीन समर्थने आणली. अमेरिकन तत्त्वज्ञ डेल जेमिसन यांनी १९८५ साली लिहिलेल्या निबंधात ही चारही समर्थने एकेक करून तपासली होती. त्यांचा आरंभबिंदू असा की वन्यप्राण्याला कोंडण्याच्या विरुद्ध एक नैतिक गृहीतक आधीच उभे आहे. ते पालथे घालायचे असेल तर तेवढेच वजनदार कारण हवे. आपल्या कलम ११ च्या परंतुकाचा सूर याहून वेगळा नाही.

रंजनावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. २०१६ साली सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन राणीच्या बागेत आणले, त्यातला एक काही महिन्यांतच दगावला. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी भायखळ्यात काचेमागे, यंत्राने गार केलेल्या खोलीत राहतो. पाहायला गर्दी होते यात शंका नाही. गर्दी हे कारण होऊ शकते का, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपण सर्कशीच्या बाबतीत देऊन टाकले आहे. विष्णुपंत छत्रे यांच्यापासून सुरू झालेली मराठी सर्कशीची मोठी परंपरा असूनही वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांचे खेळ १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेने थांबले. रंजनाचा तंबू उठला म्हणून महाराष्ट्राचे काही बिघडले नाही.

शिक्षणाचे समर्थन नाशकात फारच केविलवाणे होते. चांदोरी-सायखेड्याच्या मळ्यातला पोरगा चिखलातला ठसा कुत्र्याचा की बिबट्याचा हे नखांच्या खुणांवरून सांगतो. त्याला पिंजऱ्यातला बिबट्या काय शिकवणार? शहरातल्या मुलाला तो काही शिकवतो असे मानले तरी, जाळीमागे झोपलेला किंवा येरझाऱ्या घालणारा प्राणी पाहून 'बिबट्या असा असतो' एवढेच कळते आणि ते बरेचसे खोटे असते.

संशोधनाचेही तसेच. पश्चिम महाराष्ट्रातल्या बिबट्याबद्दल गेल्या वीस वर्षांत जे नवे कळले, त्यातला मोठा भाग मोकळ्या बिबट्यांमुळे कळला. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो कसाऱ्याजवळून, रस्ते आणि लोहमार्ग ओलांडत, खाडी पोहून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. सुमारे १२० किलोमीटरच्या या प्रवासात त्याने एकाही माणसाला हात लावला नाही. संशोधकांनी त्याला 'आजोबा' म्हटले. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. तोच आजोबा बोरिवलीत गजांआड ठेवला असता तर आपल्याला त्याचे वजन कळले असते आणि बाकी काहीच नाही.

संवर्धन हे एकच समर्थन खरे वजन असलेले आहे, आणि त्याचा पुरावा नाशकाजवळच आहे. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर अंजनेरीच्या कड्यांत लांब चोचीची गिधाडे राहतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने, मेलेल्या गुराच्या मांसातून पोटात जाऊन, गिधाडांची मूत्रपिंडे निकामी केली. १९९० नंतरच्या दीड-दोन दशकांत देशातली ९० टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर उरलेल्या पक्ष्यांची वीण एवढी मंद की वाट पाहणे परवडले नसते. म्हणून हरियाणातल्या पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिथल्या वनखात्याने बंदिस्त पैदास केली, आणि २०२४ मध्ये तिथली गिधाडे पेंच आणि ताडोबात आणून पुढे मोकळी केली.

हा बंदिवास मी समर्थनीय मानतो. त्याची अंगे पाहा: जात नष्ट होण्याच्या काठावर होती, कारण नेमके ठाऊक होते आणि ते दूर करण्याचे काम बाहेर चालू होते, पिंजऱ्याला मुदत होती आणि शेवटी दार उघडायचे होते. आता हीच कसोटी बिबट्याला लावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०२२ च्या गणनेत देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे अंदाजले आहेत. ही गणना मुख्यतः वाघांच्या जंगलपट्ट्यांतली. उसातले बिबटे तिच्या हिशेबात धड आलेलेच नाहीत. पिंजऱ्यात पैदास करून वाचवावा असा हा प्राणी नाही. म्हणजे गोरेवाड्याला गेलेल्या नाशकातल्या बिबट्याच्या पाठीशी चारपैकी एकही समर्थन उभे राहत नाही. त्याला तिथे ठेवण्याचे कारण त्याच्यात नाही, आपल्यात आहे.

बंदिवासात नेमके काय जाते

यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो भावनेने उडवून लावू नये. पिंजऱ्यातल्या बिबट्याला वेळेवर मांस मिळते, डॉक्टर मिळतो, महामार्ग ओलांडावा लागत नाही, फासकीत पाय अडकत नाही. तो जंगलातल्या भावंडांपेक्षा बहुधा जास्त वर्षे जगतो. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले होते की जंगलातला प्राणी कवीच्या कल्पनेतल्यासारखा स्वतंत्र नसतोच. हद्द, भूक, शत्रू आणि वेळापत्रक यांनी तो जखडलेला असतो. मग चांगली सोय असलेला पिंजरा म्हणजे फक्त लहान हद्द, असे का म्हणू नये?

हेडिगर चूक नव्हते. पण हद्द लहान केली की तिच्यातली कामेही संपतात, हे त्यांच्या नंतरच्या अभ्यासांनी ठळक केले. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी २००३ साली 'नेचर'मध्ये दाखवले की ज्या मांसभक्षक जाती निसर्गात जितक्या दूरवर फिरतात, तितक्या त्या बंदिवासात येरझारांच्या विकृतीला जास्त बळी पडतात आणि त्यांची पिलेही जास्त दगावतात. ही विकृती कुठल्याही बचाव केंद्रात पाहता येते. बिबट्या जाळीच्या कडेने पंधरा-वीस पावले जातो, त्याच ठिकाणी मान त्याच बाजूला वळवतो, परत येतो. मातीत वाट पडते. पाहणाऱ्याला वाटते तो चिडला आहे. चिडणे निदान कशावर तरी असते. यात तेही उरलेले नसते.

केंद्र सरकारच्या २००९ च्या नियमांत बिबट्याच्या जोडीसाठी बाहेरच्या आवाराचे किमान क्षेत्र ५०० चौरस मीटर सांगितले आहे. शेतकऱ्याच्या हिशेबात सांगायचे तर पाच गुंठे. ज्या प्राण्याची हद्द चौरस किलोमीटरमध्ये मोजतात, त्याचे वास मागे सोडण्याचे, शेजाऱ्याचा माग घेण्याचे, रात्रभर चालण्याचे, लपण्याचे सगळे काम या पाच गुंठ्यांत संपवायचे. आणि संग्रहालयात जन्मलेल्या पिलाची गोष्ट वेगळी. त्याला दुसरे काही माहीत नसते. नाशकातला बिबट्या सहा-सात वर्षांचा होऊन, दारणा नदीचा काठ पाठ करून मग आत जातो. बंदिवासाचे नुकसान मोजताना आधीच्या मोकळ्या आयुष्याशी तुलना त्याच्या बाबतीत सुटत नाही, कारण ती त्याच्या अंगात असते.

सुरक्षिततेचे म्हणणेही तपासून घ्यावे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. तपासणीत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू निघाला. हे वाघ मानव-वन्यजीव संघर्षातून आणलेले होते. माणसापासून आणि माणसाला वाचवण्यासाठी ज्यांना आत घेतले, त्यांच्यापर्यंत रोग पोहोचू शकला.

कायद्याच्या भाषेत प्राण्याचा हा तोटा मोजण्याचे साधन अजून कच्चे आहे. जल्लीकट्टू प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने भूक-तहान, अस्वास्थ्य, वेदना, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वागणुकीची मोकळीक ही पाच स्वातंत्र्ये भारतीय कायद्यात वाचली. २०२३ मध्ये घटनापीठाने प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे मानले नाही. माझ्या युक्तिवादाला प्राण्याच्या हक्काची गरजही नाही. कोंडणाऱ्याने कारण द्यावे, एवढेच पुरते.

पिंजरा कोणाला पकडतो

आता कारणाकडे. २०२० च्या उन्हाळ्यात दारणाकाठच्या दोनवाडे, बाभळेश्वर, सामनगाव या परिसरात बिबट्यांनी माणसे मारली. लहान मुले गेली, म्हातारी माणसे गेली. त्या गावांतल्या माणसाला नीतिशास्त्र सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि तिथे पिंजरे लावले ते योग्यच झाले. प्रश्न पिंजरा लागल्यानंतरचा आहे.

पिंजरा लोखंडी गजांचा, दोन कप्प्यांचा. मागच्या कप्प्यात शेळी किंवा कोंबड्या, पुढच्यात पाय पडेल अशी पाटी. पाटीवर वजन आले की दार खाली येते. वर उसाचे पाचट टाकतात. या यंत्राला भूक ओळखता येते, गुन्हा ओळखता येत नाही. ज्या शिवारात चार-पाच बिबटे फिरतात तिथे हल्ला करणारा एक असतो आणि शेळीला भुलणारा कोणीही. बळीच्या अंगावरच्या लाळेतून आणि केसांतून डीएनए काढून पकडलेल्या बिबट्याशी तो जुळवता येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत असे काम होते. पण अहवालाची वाट पाहायला गावाला सवड नसते, आणि 'नरभक्षक अखेर जेरबंद' हा मथळा त्याच सकाळी तयार असतो. मग दुसरा पकडला की तोही नरभक्षक, तिसराही.

पिंजऱ्यात अडकलेला बिबट्या गज चावतो. सुळे तुटतात, कपाळ फुटते, नखे उखडतात. भोवती शे-दोनशे माणसे मोबाईल उंचावून उभी राहिली की इजा वाढते. म्हणून समजदार वनरक्षक आधी पिंजऱ्यावर शेडनेट किंवा ताडपत्री टाकतो आणि मग लोकांशी बोलतो. पुढे तपासणीत लिहिले जाते की सुळे नसल्याने हा प्राणी शिकार करू शकणार नाही, सबब पुनर्वसन अशक्य. परंतुकातली अट कागदावर पुरी झाली. ती आपणच लावलेल्या पिंजऱ्याने पुरी केली हे कागदावर येत नाही.

आणि एवढे करून हल्ले कमी होतात का? जुन्नरच्या वनविभागाचा अनुभव यासाठी जगभर उद्धृत होतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तो प्रसिद्ध केला. फेब्रुवारी २००१ नंतर तिथे २९ बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवर सोडले गेले. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेनंतर १७ होऊ लागले, आणि हल्ल्यांतले जिवावर बेतण्याचे प्रमाण दुप्पट होऊन ३६ टक्क्यांवर गेले. जखमी, बिथरलेला, अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी माणसाला टाळायचे विसरतो. यातून काहींनी निष्कर्ष काढला की सोडू नका, कायमचे ठेवा. पण अभ्यासाचा रोख त्याआधीच्या पायरीवर आहे: हल्ला न करणाऱ्याला पकडूच नका. जाणता नर उचलला की त्याची हद्द रिकामी राहत नाही, आसपासची तरुण जनावरे ती घ्यायला येतात. केंद्र सरकारच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनाही सरसकट पकडून हलवण्याच्या विरोधातच आहेत. सरसकट पिंजऱ्याने शमतो तो जनक्षोभ. जनक्षोभ शमवणे हे प्रशासनाचे काम आहे हे मान्य. त्यासाठी जन्मठेप दुसऱ्याला का?

पिलांच्या बाबतीत मात्र नाशिक आणि जुन्नरच्या वनखात्याने फार चांगला पायंडा पाडला आहे. ऊसतोड सुरू झाली की फडात पिले सापडतात. पूर्वी ती 'आई सोडून गेली' म्हणून उचलली जात आणि आयुष्यभरासाठी आत जात. आता कोयता थांबतो, माणसे मागे हटतात, पिलांची तपासणी होते आणि संध्याकाळी टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवून ती त्याच जागी परत ठेवली जातात. कॅमेरा लावतात. अंधारात मादी येते, कॅरेट हुंगते, पिलू मानेला धरून उचलते, आणि उरलेल्यांसाठी परत येते. ऑगस्ट २०२० मध्ये इगतपुरी परिसरात एका झोपडीत मादी व्याली होती, चार पिले, सगळी सुखरूप. एक कॅरेट आणि एका रात्रीचा धीर, एवढ्या खर्चात तीन-चार जन्मठेपा टळतात. नीतीचा प्रश्न इतका स्वस्तात सुटल्याची उदाहरणे फार नाहीत.

मळ्यातल्या माणसाचा हक्क

इथवरचे वाचून एखादा शेतकरी म्हणेल, तुमचा बिबट्या तुम्हीच घेऊन जा. त्याचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. गंगापूर, दारणा आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्याने इथे ऊस उभा राहिला, उसाने बिबट्याला वर्षभराचा आडोसा दिला, वस्त्या मळ्यांत विखुरल्या. साखर खाणारा शहरी माणूस या संघर्षात एक पैशाचाही धोका पत्करत नाही. बिबट्याच्या मोकळेपणाची किंमत फक्त मळ्यातल्याने मोजावी ही मागणी अन्याय्य आहे.

म्हणूनच बंदिवासाचा विचार एकट्या प्राण्यावर थांबत नाही. शेतीपंपांना पाळ्या लावून रात्रीची वीज मिळते, तेव्हा शेतकरी हातात बॅटरी घेऊन बारे द्यायला उसात जातो. दिवसा वीज द्या ही निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याची जुनी मागणी आहे आणि ती जिवाची मागणी आहे. ऊसतोड मजुराची कोपी फडाच्या कडेलाच असते. तिला दार नाही, दिवा नाही, शौचाला जायला उजेडातली जागा नाही. मूल बाहेर खेळते तेव्हा आईबाप फडात असतात. शेळ्यांच्या गोठ्याला जाळी नसते. मृत्यू झाल्यास शासन २५ लाख रुपये देते. तो आकडा मोठा आहे, पण तो घटना घडल्यानंतरचा आहे. यातली प्रत्येक गोष्ट आधी करता येण्यासारखी आहे आणि तिला पैसे लागतात. ते खर्च न करता लावलेला पिंजरा हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो, कारण त्याचे बिल बिबट्याच्या नावावर फाटते. 'दुसरा इलाज नव्हता' हे कारण ग्राह्य धरायचे तर दुसरा इलाज करून पाहिलेला असायला हवा.

ठेवावाच लागला तर

काही बिबटे ठेवावे लागतील, हे नाकारणे भाबडेपणाचे होईल. ज्याचा माणसावरचा हल्ला सिद्ध झाला आहे असा प्राणी परत सोडणे, हा गावावर अन्याय आहे. अपघातात पाय गमावलेला, दृष्टी गेलेला, किंवा माणसाच्या हातून दूध पिऊन वाढलेला प्राणीही सुटू शकत नाही. हेमलकशाला प्रकाश आमटे यांनी जमवलेले अनाथालय या शेवटच्या प्रकारचे. माडिया शिकाऱ्यांनी आई मारली की उरलेली पिले तिथे आली. त्यांना ठेवण्याचे कारण कोणालाही समजते, आणि त्यामुळे शिकारीलाही आळा बसला. तरी आमट्यांच्या अंगाखांद्यावर खेळणाऱ्या बिबट्याचे छायाचित्र पाहून 'प्रेमाने सगळे जमते' असा अर्थ काढू नये. प्रेमाने बंदिवास सुसह्य होतो, संपत नाही.

सिद्ध झालेल्या नरभक्षकाबद्दल माझे मत लोकांना कठोर वाटते. प्रौढ, रानात वाढलेल्या बिबट्याला पाच गुंठ्यांत आणि रात्री त्याहून लहान खोलीत दहा वर्षे ठेवणे हे त्याला मारण्यापेक्षा दयेचे आहे, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कायद्याने बंदिवास वरच्या पायरीवर ठेवला आहे आणि त्याला कारणे आहेत: ओळखीत चूक झाली तर जिवंत प्राणी परत सोडता येतो, मेलेला नाही. पण मग ओळख खरोखर तपासली पाहिजे आणि चूक निघाली तर खरोखर सोडले पाहिजे. ते होत नसेल तर बंदिवासाच्या बाजूने असलेला हा सर्वांत चांगला युक्तिवाद आपण स्वतःच गमावतो, आणि उरते ती आपल्या मनाची सोय.

नाशकातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बिबट्यासोबत म्हणून एक टिपणी हवी, आणि ती लोकांना पाहता यावी. पकडण्याआधी काय केले. हल्ला याच प्राण्याचा हे कशावरून. त्याच्या जखमा आधीच्या की पिंजऱ्यातल्या. पुनर्वसन का शक्य नाही. आणि हा निर्णय पुन्हा कधी तपासला जाईल. शेपटीच्या मुळाशी मायक्रोचिप बसवून ओळख पक्की करण्याची पद्धत महाराष्ट्रात आहेच. तेवढीच ओळख कागदाला लागायला हवी. शेवटचा रकाना मला सर्वांत गरजेचा वाटतो, कारण आज आत गेलेल्या बिबट्याच्या फायलीला पुढचे पानच नसते.

या टिपणीत सर्वांत अवघड जाईल तो पुनर्वसनाचा मुद्दा. अकोले तालुक्यात, नाशिकच्या हद्दीला लागून, केलेला अत्रेय यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले, जंगल नाही, हरणे नाहीत, आणि माणसांची वस्ती मात्र चौरस किलोमीटरला तीनशेच्या घरात. हे बिबटे जंगलातून चुकून आलेले नव्हते. ते तिथलेच होते. निफाडच्या उसात जन्मलेली, कुत्री-डुकरांवर वाढलेली, तिथेच दोनदा व्यालेली मादी पकडली आणि तिला सह्याद्रीच्या एखाद्या अभयारण्यात नेऊन पाहिले तर ती जगणार नाही, किंवा परत निघेल. त्यावरून 'हिचे पुनर्वसन अशक्य' असे लिहिता येते आणि मग जिल्ह्यातला एकूण एक बिबट्या कायमच्या बंदिवासाला पात्र ठरतो. तिचे निसर्गातले ठिकाण म्हणजे जिथे ती राहत होती ते, असे धरले तर यादी पाच-दहा नावांवर येते. पण मग तिला त्याच उसात सोडायला लागते, आणि त्या उसाचा मालक समोर उभा असतो. वनखात्याला यातला दुसरा अर्थ कळत नाही असे नाही. तो घ्यायचा तर मालकाला सांगायला दिवसाची वीज, गोठ्याची जाळी आणि झालेला पंचनामा हातात हवा, आणि या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या खात्यांकडे आहेत. नागपूरच्या कार्यालयात सही होण्याआधी त्या तिन्ही खात्यांनी काय केले हे टिपणीत यावे, आणि लिहिणाऱ्याचे नाव त्याखाली असावे.